ऐझॉलला ‘भारताचं लेस्टर’ म्हणू नका

आज चहाला उभे होतो. फुटबॉलवरून विषय निघाला तर ऑफिसातला एक पोरगा म्हणतो, “ऐझॉल एफसी ना? भारताचं लेस्टर. एक सीझन लागला नंबर.”

लेस्टर म्हणजे इंग्लंडची ती छोटी टीम, 2016 ला कुणाच्या ध्यानीमनी नसताना तिथली लीग जिंकलेली. लागला नंबर! लॉटरी आहे का ती? तिथं हसून सोडून दिलं. पण डोकं अजून तापलेलंच आहे.

30 एप्रिल 2017, रविवार. मामेबहिणीचं रिसेप्शन. अख्खं खानदान स्टेजपुढं रांगेत, आणि मी मांडवामागं जनरेटरशेजारी मोबाइलला डोळे लावून. शिलाँगला तिथल्याच लाजोंग क्लबविरुद्ध ऐझॉलची सीझनची शेवटची मॅच. ड्रॉ झाला तरी आय-लीग, म्हणजे देशाची लीग, खिशात. आणि नवव्याच मिनिटाला लाजोंगच्या डिकानं गोल ठोकला. टेबलात मागं कोलकात्याची मोहन बागान टपून बसलेली. तेवढ्यात मोठी आत्या आली.

“कोण हरतंय रे? तोंड का असं झालंय?”
“ऐझॉल.”
“ते कुठं आलं?”
“मिझोरामला.”
“तिथं तुझं कोण असतं?”

आत्याला तेव्हा नीट सांगता आलं नाही. कोच खालिद जमील होता ना माझा तिथं! सात वर्षं त्यानं मुंबई एफसी कशीबशी तगवली, आणि 2016 ला त्याच्या हातात नारळ. तो डोंगरात गेला. आपले मुंबईचे आशुतोष मेहता, जयेश राणेही त्याच टीममध्ये. वर्षभरात ऐझॉल चॅम्पियन, अन् मुंबई एफसी तळाला जाऊन रेलिगेट, म्हणजे खालच्या लीगमध्ये. याला कुणी चमत्कार म्हणणार असेल तर म्हणो बापडा. मी याला हिशेब म्हणतो. 2025 ला त्याच माणसाला भारताचा कोच केलं, तेव्हा सगळ्यांना तो आधीपासूनच आवडायचा म्हणे.

आणि मिझोराम काय आकाशातून पडलं? 2012 पासून त्यांची स्वतःची लीग. 2014 ला राज्यांच्या टीमची संतोष ट्रॉफी जिंकली. मग आय-लीग. पायरी पायरीनं चढलेत ते. जेतेपदाच्या आठवडाभर आधी त्याच बागानला घरच्या मैदानावर 1-0 हरवलं होतं. तोही नंबरच लागला का?

हो, आदल्या वर्षी ते खाली घसरले होते आणि गोव्याचे क्लब बाहेर पडले म्हणून त्यांना परत घेतलं. नशीब होतं, मान्य. दार नशिबानं उघडलं, पण आत जाऊन 37 पॉइंट कुणी मिळवले?

मांडवामागं 67 वं मिनिट. विल्यम लालनुनफेलाचा गोल, 1-1! मी असा ओरडलो की फोटोग्राफरनं कॅमेरा आमच्याकडं वळवला. आत्यानं आधी पाठीत धपाटा घातला, मग प्लॅस्टिकची खुर्ची ओढून शेजारी बसली. शेवटची मिनिटं आम्ही दोघांनी श्वास धरून काढली. शिट्टी वाजली आणि मी नाचायलाच लागलो.

“जिंकले?”
“नाही, बरोबरी.”
“मग नाचतोस कशाला मेल्या?”

आता लिहिताना पुन्हा हसू आलं. राग निम्मा उतरला म्हणायचा.

पण उरलेला निम्मा उतरत नाही. कारण पुढं काय झालं? देशाचा चॅम्पियन क्लब, आणि वरच्या इंडियन सुपर लीगमध्ये जागा मिळावी म्हणून महिन्याभरात उपोषणाची भाषा करावी लागली. जागा मिळाली नाही ती नाहीच. वरची लीग पैसेवाल्यांची. पुढं आय-लीग जिंकून वर जायची सोय झाली, 2023 ला पंजाब गेली, बरं झालं. ऐझॉलच्या वेळी ती शिडीच नव्हती. लेस्टर निदान पुढच्या वर्षी चॅम्पियन्स लीगच्या क्वार्टर फायनलपर्यंत खेळली. कसली तुलना करता?

त्या दिवाळीला आत्या भेटली तेव्हा करंजीचं ताट पुढं करत तिनं विचारलं, “तुझे ते डोंगरवाले काय म्हणतात? आता मोठ्या स्पर्धेत घेतलं असेल ना त्यांना?”

मी करंजी उचलली आणि तोंड भरून घेतलं.