अक्यूट म्हणजे किरकोळ नव्हे!

'डॉक्टरी आणि शास्त्रीय इंग्रजी पाच मिनिटांत' हा मेसेज एव्हाना नागपुरातल्या बहुतेक फॅमिली ग्रुपवर फिरून झाला असेल. आमच्या काकूंनी तो जपून ठेवला होता. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'अक्यूट कोलेसिस्टायटिस' छापून आलं, तेव्हा त्यांनी मेसेज काढून पाहिला. त्यात लिहिलं होतं: 'अक्यूट म्हणजे किरकोळ, क्रॉनिक म्हणजे हाताबाहेर गेलेला आजार.' मग काय, डॉक्टरकडे सोमवारी जाऊ म्हणाल्या! पित्ताशयाला सूज आलेली, ताप चढलेला. सुनेनं ऐकलं नाही, त्याच रात्री धंतोलीत नेऊन भरती केलं.

म्हणून हा मुद्दा आधी. आजार किती गंभीर आहे, हे या दोन शब्दांतून कळतच नाही. अक्यूट म्हणजे अचानक उद्भवलेला, क्रॉनिक म्हणजे दीर्घकाळ चाललेला. किडनीच्या आजारांसाठी जगभर 'केडीगो' या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मार्गदर्शक सूचना वापरतात, त्यात चक्क आकडे दिले आहेत. बिघाड किमान 3 महिने टिकला तर क्रॉनिक. रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी गाळून बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) 48 तासांत 0.3 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा जास्त वाढलं, तर अक्यूट. क्रॉनिकच्या पहिल्या टप्प्यात किडनीची गाळण्याची क्षमता नॉर्मलही असू शकते. औषधपाणी सांभाळून माणसं वर्षानुवर्षं कामधंदा करतात. उलट मे महिन्यात 45 डिग्रीत स्लॅबवर राबणाऱ्या धडधाकट माणसाला ऊन लागलं, की काही तासांत किडनीला अक्यूट इजा होऊन डायलिसिसची वेळ येऊ शकते. हार्ट अटॅकला डॉक्टर 'अक्यूट मायोकार्डियल इन्फार्क्शन' लिहितात. तोही किरकोळ समजून घरी बसायचं का?

'थिअरी म्हणजे नुसता अंदाज, म्हणून उत्क्रांती खोटी' हा मेसेजमधला दुसरा मुद्दा. तपासायच्या अंदाजाला विज्ञानात हायपोथेसिस म्हणतात. पुराव्यांवर टिकलेल्या स्पष्टीकरणाला थिअरी. जंतूंमुळे रोग होतात, ही 'जर्म थिअरी'च आहे आणि तिच्याच आधारावर ऑपरेशनची हत्यारं निर्जंतुक करतात.

'सीएच असेल तिथे क म्हणा' हे मात्र अर्धं खरं आहे, मानावं लागेल. ग्रीकमधून आलेल्या कोलेस्टेरॉल, क्रोमोसोम, क्लोरीन या शब्दांत ते चालतं. पण चिकुनगुनिया? तो शब्द टांझानियाकडच्या माकोंडे भाषेतला, तिथे च हाच उच्चार.

शेवटच्या ओळीचा मला सर्वांत राग आहे: 'प्रत्येक शब्दाचा एकच उच्चार बरोबर, तो चुकला म्हणजे विषयच समजला नाही.' अमेरिकेत व्हायटमिन म्हणतात, ब्रिटनमध्ये बहुतेक जण व्हिटमिन. सायकॉलॉजीतला पी इंग्रजीत गिळतात, जर्मनीत स्पष्ट म्हणतात. ॲल्युमिनियम आणि अल्युमिनम ही दोन्ही रूपं रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं, आययूपॅकनं, मान्य केली आहेत. असली ओळ वाचून मराठी शाळेतून अकरावी सायन्सला आलेली पोरगी वर्गात तोंड उघडायला घाबरते, हे मी घरातच पाहतो आहे. 'मायटोकॉन्ड्रिया' म्हणताना ती अडखळली तर शिकवणाऱ्यानं एकदा नीट म्हणून दाखवावं आणि लगेच विचारावं, की पेशीत मायटोकॉन्ड्रियाचं काम काय. ते उत्तर तिला येतं.