लघुतम प्रोग्राम आणि भाषेचा अभ्यास

लहान कोडी सोडवण्यासाठी शक्य तितका आखूड प्रोग्राम लिहिण्याच्या खेळाला, म्हणजे कोड गोल्फला, त्यावरील एका लेखात ‘वाईट सवय लावणारा छंद’ म्हटले आहे, ते मला पटत नाही. नोकरीतला कोड असा लिहू नये, हे मान्यच आहे. परंतु या खेळात प्रोग्रामिंग भाषेचे नियम जितके बारकाईने तपासावे लागतात, तितके एरवी क्वचितच तपासले जातात.

फिझबझ या प्रोग्रामिंगच्या कोड्याचेच पाहावे. १ ते १०० आकडे छापताना ३ च्या पटीला ‘फिझ’, ५ च्या पटीला ‘बझ’ आणि दोन्हींच्या पटीला ‘फिझबझ’ छापायचे असते. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत ० ते ९९ मोजत गेल्यास, आकड्याला ३ ने भागून उरलेल्या बाकीला पुन्हा २ ने पूर्णांकी (अपूर्णांक सोडून) भागले की १ हे उत्तर केवळ बाकी २ असताना, म्हणजे पुढचा आकडा ३ च्या पटीत असतानाच येते. त्या उत्तराने ‘फिझ’ला गुणले की एक तर शब्द मिळतो, नाहीतर रिकामी स्ट्रिंग, म्हणजे एकही अक्षर नसलेला मजकूर. ‘बझ’साठी हेच ५ आणि ४ घेऊन करायचे, दोन्ही जोडायचे, आणि जोड रिकामी असेल तर ‘ऑर’मुळे (म्हणजे ‘किंवा’मुळे) एकाने वाढवलेला आकडा छापला जातो. एकही ‘इफ’ (‘जर’ची अट) न वापरता हे इंग्रजी अक्षरांत ६० बाइटांत (बाइट म्हणजे संगणकात साठवणीचे एकक) बसते, आणि हे ज्याला उमगले त्याला भागाकारातली बाकी काढण्याची क्रिया खऱ्या अर्थाने समजली, असे मी मानतो.

एक दुरुस्ती मात्र सुचवतो. त्या लेखात प्रोग्रामची लांबी अक्षरांत मोजली आहे. ती बाइटांत मोजावी. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, त्यामुळे डोळ्यांना एकच दिसणारे ‘कि’ हे अक्षर (‘क’ आणि वेलांटी ही दोन चिन्हे) ६ बाइटांचे होते.