आईबाबांची नोंदणी आधी करा

‘ट्रस्टेड ट्रॅव्हलर’ म्हणजे आधीच नोंदणी आणि पडताळणी झाल्यामुळे विमानतळावरची इमिग्रेशनची, म्हणजे पासपोर्ट तपासणीची, रांग लवकर पार करणारा प्रवासी. हे नाव घेतलं की आपल्याला लॅपटॉपची बॅग खांद्याला लावून सारखा परदेशवाऱ्या करणारा माणूसच आठवतो. त्यामुळे घरातला तेवढा एक माणूस नोंदणी करून मोकळा होतो आणि आईबाबांचं नाव कुणाच्या मनातही येत नाही. माझं म्हणणं बरोबर उलट आहे. घरात पहिली नोंदणी आईबाबांची व्हायला हवी.

मुंबईच्या टर्मिनल दोनवर मध्यरात्रीनंतर इमिग्रेशनच्या रांगेत कोण उभं असतं ते बघा. साठी ओलांडलेली जोडपी, नातवंडांकडे निघालेली. हातात प्लॅस्टिकचं फोल्डर, त्यात तिकिटं, विम्याचे कागद, लेकीने लिहून दिलेला पत्ता. गुडघे दुखत असतात, पण व्हीलचेअर मागायचा संकोच वाटतो. रोज विमानाने फिरणारा तरुण त्या रांगेत मोबाइल बघत आरामात उभा राहू शकतो. या दोघांना ते जमत नाही.

अशा प्रवाशांसाठी आपल्या सरकारची ‘फास्ट ट्रॅक इमिग्रेशन’ योजना 22 जून 2024 ला दिल्लीत सुरू झाली आणि जानेवारी 2025 मध्ये मुंबईसह आणखी सात विमानतळांवर आली. भारतीय नागरिकांना आणि ओसीआय कार्डधारकांना (म्हणजे परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना) ती मोफत आहे. गृहमंत्रालयाच्या पोर्टलवर अर्ज भरायचा, पासपोर्टची पानं आणि फोटो अपलोड करायचे, मंजुरीचा मेसेज आला की बोटांचे ठसे आणि चेहऱ्याची नोंद द्यायची. ती एफआरआरओच्या, म्हणजे परदेशी नागरिकांची नोंदणी करणाऱ्या सरकारी, कार्यालयात देता येते किंवा प्रवासाच्या वेळी ठरलेल्या विमानतळावर. पुढे ई-गेटवर पासपोर्ट आणि बोर्डिंग पास स्कॅन केला, चेहरा जुळला की दार उघडतं. नोंदणी पाच वर्षं किंवा पासपोर्टची मुदत संपेपर्यंत, यांतलं जे आधी येईल तोवर चालते. अर्ज भरण्याआधी पासपोर्टची उरलेली मुदत तपासा आणि वयाबद्दलच्या सूचना नीट वाचा. सिक्युरिटी आणि कस्टम्स मात्र पहिल्यासारखंच राहतं, हेही त्यांना आधीच सांगून ठेवा.

मोफत हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. ‘ग्लोबल एंट्री’ ही अमेरिकेची अशीच योजना भारतीय नागरिकांना 2017 पासून खुली आहे, पण ऑक्टोबर 2024 पासून तिची फी 120 डॉलर झाली. अर्ज नाकारला गेला तरी ती परत मिळत नाही. शिवाय पडताळणी आहे, मुलाखत आहे. कधीतरी एकदा अमेरिकेला जाणारे आईबाबा एवढा खटाटोप का करतील? तिथे ही सोय कमावत्या, सतत फिरणाऱ्या माणसाचीच राहते. आपल्याकडे पैशांची ती भिंत नाही आणि ती कधीही उभी राहू नये. उद्या कुणी ‘नाममात्र शुल्क’ सुचवलं तर आपण सगळ्यांनी विरोध केला पाहिजे.

ज्यांच्याकडे ग्लोबल एंट्री आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट. त्या कार्डाबरोबर नियमही कडक होतात. जाहीर न केलेलं एखादं फळ बॅगेत सापडलं तरी दंड होऊ शकतो आणि सदस्यत्वही जाऊ शकतं. आईने प्रेमाने बांधून दिलेली ताज्या कढीपत्त्याची जुडी अमेरिकेत चालत नाही. कॅनडा-अमेरिका सीमेवरच्या ‘नेक्सस’ या अशाच योजनेचंही तसंच. गाडीतल्या प्रत्येकाकडे कार्ड असेल तरच ती लेन वापरता येते, पाहुणे आलेले सासू-सासरे मागे बसले असतील तर साध्या रांगेतच लागायचं.

आता आपल्या योजनेबद्दलची माझी खरी तक्रार. सप्टेंबर 2025 मध्ये लखनौ, अमृतसर, तिरुवनंतपुरम, तिरुचिरापल्ली आणि कोळिकोड ही पाच नावं यादीत आली. त्यांचा आनंदच आहे. पण पुणे, नागपूर आणि गोव्याचं मोपा त्यात नव्हतं, आणि या तिन्ही ठिकाणांहून आंतरराष्ट्रीय विमानं सुटतात. साताऱ्याच्या किंवा अमरावतीच्या माणसाला प्रवासाआधीच ठसे द्यायचे असतील, तर त्याने तेवढ्यासाठी मुंबई गाठायची का? पासपोर्ट सेवा केंद्रात आपण ठसे देतो, फोटो काढून घेतो, पोलीस पडताळणीही होते. त्याच खिडकीवर ‘फास्ट ट्रॅकमध्ये नाव घालायचं का?’ एवढं विचारून पुढचं काम तिथेच उरकलं, तर जिल्ह्याच्या गावातला माणूसही सहज नोंदवला जाईल. पोर्टलवर मराठी हवी, हे तर मी हक्काने मागते.

आणि ई-गेट आले म्हणून साध्या रांगेतले काउंटर कमी करू नका. पहिल्यांदा परदेशी निघालेला माणूस तिथेच उभा असतो. नोंदणी झालेले प्रवासी वेगळे काढल्यामुळे अधिकाऱ्यांचा वाचलेला वेळ त्याच्या वाट्याला यायला हवा.

ज्यांचे आईबाबा येत्या उन्हाळ्यात निघणार आहेत त्यांनी तिकीट काढलं की लगेच अर्ज भरा, मंजुरीला वेळ लागू शकतो. आणि तुमच्यापैकी कुणी आईवडिलांची नोंदणी केली असेल, तर ठसे कुठे दिले आणि काय अडलं ते खाली लिहा. इतरांना त्याचा फार उपयोग होईल.