फी भरलीत, आता काम मागा

ज्युनियर मंडळी अधूनमधून इनबॉक्समध्ये विचारतात, "मॅडम, आपल्या क्षेत्राच्या असोसिएशनची मेंबरशिप घ्यावी का? काही उपयोग होतो का हो?" दरवेळी तेच टाइप करण्यापेक्षा एकदाच इथे लिहून ठेवते. लांबलं आहे, सवडीने वाचा.

नुसती फी भरणार असाल तर घेऊ नका. सीव्हीवर एक ओळ वाढते, महिन्याला एक न्यूजलेटर येतं जे कुणी उघडत नाही, आणि वर्ष संपत आलं की रिन्यूअलच्या मेलचा मारा सुरू होतो. एवढ्यासाठी खिशाला चाट कशाला? पण स्थानिक चॅप्टरमध्ये, म्हणजे संस्थेच्या जवळच्या शाखेत जाऊन, कुणालाच नको असलेलं एखादं बारकं काम मागून घ्यायची तयारी असेल, तर मात्र उद्यावर ढकलू नका.

बऱ्याच जणांच्या डोक्यात असोसिएशन म्हणजे एक मोठं ऑफिस असतं. तिथे पगारी माणसं असणार, ती कार्यक्रम ठरवणार, आपण जायचं, ऐकायचं, परत यायचं. मुख्यालयाचं तसं असतंही. चॅप्टरचं नसतं. आयट्रिपलईचंच (IEEE, विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक्स अभियंत्यांची जागतिक संघटना) घ्या. १८८४ सालची विद्युत अभियंत्यांची संस्था आणि १९१२ सालची रेडिओवाल्यांची संस्था १९६३ मध्ये एकत्र आल्या आणि हा एवढा पसारा उभा राहिला. जगभरात लाखांनी सभासद. पण त्याच आयट्रिपलईचं एखाद्या विषयाचं नवं चॅप्टर काढायला सह्या किती लागतात? बारा सभासदांच्या. आणि ते चालू आहे असं धरायला वर्षाकाठी किमान दोन तांत्रिक बैठका. झालं. म्हणजे ज्यांना आपण "ते असोसिएशनवाले" म्हणतो ती असतात दहा-बारा माणसं, आपल्यासारखीच डेडलाइनने गांजलेली, ऑफिस सुटल्यावर हॉलची चावी कुणाकडे आहे ते शोधत फिरणारी. त्यांतली खरी राबणारी तर तीन-चारच. तिथे आणखी एकाने "मी काय करू?" असं विचारलं की त्यांचे चेहरे कसे होतात ते एकदा बघाच.

हे आजचंच आहे असंही नाही. लंडनची इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनियर्स १८१८ मध्ये मोजक्या तरुण इंजिनियरांनी एका कॉफी हाउसमध्ये बसून सुरू केली. सुरुवातीला तिकडे फारसं कुणी फिरकत नव्हतं. १८२० मध्ये थॉमस टेलफर्ड अध्यक्ष व्हायला तयार झाले, रस्ते, पूल, कालवे बांधून नाव कमावलेला माणूस, आणि मग संस्थेला वजन आलं. १८२८ मध्ये राजसनद मिळाली. ही गोष्ट सांगणारे सगळे टेलफर्डपाशी येऊन थांबतात. मला आधीच्या त्या दोन वर्षांचं जास्त कौतुक आहे. नाव नाही, सभासद नाहीत, तरी पुढची बैठक कधी ते कुणीतरी बाकीच्यांना कळवत राहिलं. म्हणून तर टेलफर्डना बोलवायला संस्था शिल्लक होती.

आता उपयोगाचं बोलू, कारण प्रश्न तोच होता.

"नेटवर्किंग होतं" हे उत्तर सगळेच देतात. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या समाजशास्त्रज्ञाने यावर १९७३ मध्ये एक गाजलेला शोधनिबंध लिहिला. बॉस्टनजवळच्या न्यूटनमध्ये नुकतीच नोकरी बदललेल्या तांत्रिक, व्यावसायिक आणि मॅनेजर मंडळींशी तो बोलला. ओळखीतून नोकरी लागलेल्यांपैकी जेमतेम १६.७ टक्के लोक त्या ओळखीच्या माणसाला वरचेवर भेटत होते. ५५.६ टक्के अधूनमधून, २७.८ टक्के क्वचितच. म्हणजे नोकरीची खबर जिवलग मित्राकडून कमी आणि लांबच्या ओळखीतून जास्त आलेली. असे लोक होते अवघे ५४, तेव्हा टक्केवारी डोक्यावर घेऊन नाचायला नको. पण २०२२ मध्ये लिंक्डइनच्या तब्बल दोन कोटी वापरकर्त्यांवर झालेल्या अभ्यासातही साधारण हाच सूर निघाला. अगदी घट्ट ओळखींपेक्षा मध्यम सैल ओळखी नोकरी बदलताना जास्त कामी येतात. मात्र अगदीच नावापुरत्या ओळखींचा तेवढा उपयोग होत नाही.

ते "मात्र" लोक विसरतात. व्याख्यान संपल्यावर वीस जणांना व्हिजिटिंग कार्ड वाटणं, घरी येऊन वीस कनेक्शन रिक्वेस्ट पाठवणं, ही नावापुरती ओळख. त्या वीसांतला एकही जण तुमच्याबद्दल दुसऱ्याला दोन वाक्यं सांगू शकणार नाही. आणि ओळखीची किंमत तिथेच ठरते. तुम्ही खोलीत नसताना कुणी तुमच्याबद्दल काय सांगू शकेल? "हो, भेटलो होतो कुठेतरी" आणि "अरे, वार्षिक परिषदेची सगळी नोंदणी त्याने सांभाळली होती, एक नाव इकडचं तिकडे झालं नाही" यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसरं वाक्य मिळवायचं असेल तर लोकांनी तुम्हाला काम करताना बघावं लागतं, आणि आपल्या ऑफिसच्या चार भिंतींबाहेर तशी संधी फार कमी ठिकाणी मिळते.

मग कोणतं काम मागायचं?

पोस्टर आणि सोशल मीडिया नको. ते सगळ्यांनाच हवं असतं आणि त्यावर सगळ्यांचीच मतं असतात. खजिनदारकी पहिल्या वर्षी अजिबात नको, आधीचे हिशोब कोणत्या अवस्थेत आहेत ते आत गेल्याशिवाय कळत नाही. माझं पहिलं मत नोंदणीच्या टेबलाला. वेळेच्या आधी पोचायचं, बॅजेस अक्षरानुसार लावायचे, यादी, दोन पेनं (तीन न्या, एक हमखास जातं). तिथे प्रत्येक माणूस तुमच्यासमोर थांबतो, आपलं नाव सांगतो, कुठे काम करतो ते सांगतो. सभागृहात घुसून अनोळखी घोळक्यात तोंड घालायला जे लाजतात, आणि आपल्यात असे पुष्कळ आहेत, त्यांच्यासाठी याहून सोपी जागा नाही. बोलायला निमित्त शोधावं लागत नाही, टेबलच निमित्त असतं. आमच्याकडे एक मुलगा होता, बैठकीत तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. नोंदणीवर बसायला लागला. पुढे असं झालं की अध्यक्षच हळूच त्याच्याकडे वाकून विचारायचे, "अरे, ते दुसऱ्या रांगेतले कोण?" आणि याला नाव, कंपनी, मागच्या वेळी त्यांनी वक्त्याला काय प्रश्न विचारला होता, सगळं पाठ.

पण सगळ्यात जास्त शिकवणारं काम म्हणजे इतिवृत्त लिहिणं. लोक नाक मुरडतात, कारकुनी म्हणतात. म्हणू देत. दोन तास सात माणसं एकाच वेळी बोलत असतात. त्यातून काय ठरलं, कोण करणार आणि कधीपर्यंत, एवढं एका पानात उतरवणं सोपं नाही. कितीतरी विषयांवर लिहायला बसल्यावर कळतं की चर्चा अर्धा तास झाली आणि ठरलं काहीच नाही. मग बैठक संपायच्या आत "सर, हे कुणाच्या नावावर लिहू?" असं विचारायची सवय लागते. त्या एका प्रश्नाने बैठकीला वळण लागतं आणि विचारणाऱ्याला मान मिळतो, वय काहीही असो. कार्यकारिणीतले वीस-वीस वर्षांचे अनुभवी लोक निर्णय कसे घेतात, भांडण कसं मिटवतात, नको असलेला विषय पुढच्या बैठकीवर कसा ढकलतात, हे इथे समोर बसून बघायला मिळतं; ऑफिसमध्ये त्या पातळीवर बसायला मिळेपर्यंत पंधरा वर्षं जातात.

बायकांसाठी एक वेगळी सूचना. "तुमचा आवाज छान आहे, सूत्रसंचालन तुम्हीच करा ना" हे वाक्य तुम्हाला ऐकू येणार. एकदा करा, दोनदा करा. तिसऱ्यांदा तांत्रिक कार्यक्रमांची समिती किंवा बजेट मागा आणि आवाजाचं कौतुक हसून बाजूला ठेवा. माईक, स्वागत आणि फुलं एका बाजूला, वक्ते आणि पैसे दुसऱ्या बाजूला, अशी वाटणी बऱ्याच चॅप्टरमध्ये आपोआप होऊन बसते. मुद्दाम कुणी केलेली नसते, मोडायला मात्र कुणीतरी मुद्दामच मागावं लागतं.

कागदोपत्री फायदेही आहेत, ते झटपट सांगते. पीएमआयचं (प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट) पीएमपी हे प्रोजेक्ट मॅनेजरांचं प्रमाणपत्र टिकवायला तीन वर्षांत ६० पीडीयू, म्हणजे शिकण्याचे किंवा व्यवसायासाठी दिलेले नोंदवलेले तास लागतात, आणि त्यांतले जास्तीत जास्त २५ व्यवसायाला काही परत दिल्याबद्दल, म्हणजे स्वयंसेवेसारख्या कामातून, मिळवता येतात. (तासांसाठीच येणारे, हजेरीवर सही करून मागच्या दाराने सटकणारे महाभाग सगळीकडे असतात. त्यांना काही म्हणायचं नाही, निदान सभागृह भरलेलं दिसतं.) आयट्रिपलईत सीनियर मेंबर व्हायचं तर दहा वर्षांचा व्यवसाय, त्यात पाच वर्षं ठळक कामगिरी, आणि तीन जणांच्या शिफारशी लागतात. दहा वर्षं काम केलेले पुष्कळ भेटतात. शिफारशीला तीन नावं सुचवताना मात्र भलेभले छताकडे बघतात.

आता दुसरी बाजू, कारण मी काही असोसिएशनची एजंट नाही.

काही चॅप्टर मेलेली असतात, फक्त कुणी जाहीर केलेलं नसतं. फी भरण्याआधी पाहुणे म्हणून एक-दोन कार्यक्रमांना जा. बहुतेक ठिकाणी येऊ देतात. नव्या चेहऱ्याशी कुणी स्वतःहून बोलतं का? वक्त्याच्या भाषणापेक्षा व्यासपीठावरच्यांची ओळख लांबते का? तीच तीन नावं वर्षानुवर्षं अध्यक्ष, सचिव, खजिनदार अशी संगीत खुर्ची खेळतायत का? आणि जमलं तर वार्षिक सर्वसाधारण सभेला हजेरी लावा. गणपूर्तीअभावी सभा तहकूब आणि अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी पुन्हा सुरू, हे होणारच, त्याचं काही वाटून घेऊ नका. हिशोबाच्या वेळी बघा. कुणी साधा प्रश्न विचारला आणि खजिनदाराने कागद काढून उत्तर दिलं, तर तिथे काम करायला हरकत नाही. प्रश्न विचारणाऱ्याकडे सगळ्यांनी वळून रोखून बघितलं, तर आपली चप्पल घालावी आणि निघावं.

दुसरा धोका चांगल्या चॅप्टरमध्ये असतो. एक काम नीट केलंत की पाच येतात. नाही म्हणता येत नाही, कारण माणसं चांगली असतात. म्हणून सुरुवातीलाच मुदत बोलून घ्या: वर्षभर हे एवढं करेन. आणि सहाव्या-सातव्या महिन्यापासून आपल्या जागी कोण येईल ते शोधायला लागा. हे कुणी करत नाही, आणि मग काय होतं? चॅप्टरच्या मेलचा पासवर्ड माजी सचिवाकडे, तो नोकरी बदलून दुसऱ्या गावी, आणि पासवर्ड बदलायचा ओटीपी जातो त्याच्या बंद पडलेल्या जुन्या नंबरवर. दहा वर्षांची सभासदांची यादी त्या एका खात्यात अडकलेली. हे मी डोळ्यांनी बघितलंय, आणि ते सोडवायला नव्या कमिटीचा सगळा पहिला उत्साह खर्ची पडला.

मोठ्या संस्थासुद्धा अमरपट्टा घेऊन आलेल्या नसतात. तांत्रिक लेखन करणाऱ्यांची सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशन, १९५३ पासूनचा वारसा सांगणारी, जानेवारी २०२५ मध्ये दिवाळखोरी जाहीर करून बंद झाली. ती बातमी वाचून पहिल्यांदा डोक्यात आलं ते तिथल्या लोकांचं. वर्षानुवर्षं एकत्र राबलेल्यांकडे एकमेकांचे नंबर तरी असणार. फी भरून नुसतं न्यूजलेटर घेणाऱ्यांकडे काय राहिलं असेल?

शेवटी नेहमीचा उपप्रश्न: "आमच्या जवळ चॅप्टरच नाही, मग?" आधी मुख्य संस्थेला विचारा की आसपास सभासद किती आहेत. नावं-पत्ते देणार नाहीत, पण तुमचा निरोप त्यांच्यापर्यंत पोचवायची सोय बऱ्याच संस्थांत असते. लेटरहेड, लोगो, पदाधिकारी यांच्या नादी इतक्यात लागू नका. एखाद्याच्या ऑफिसची मीटिंग रूम संध्याकाळी मागून घ्या, एकाने आपल्या कामातला अडलेला प्रश्न मांडायचा, बाकीच्यांनी त्यावर बोलायचं, असे दोन कार्यक्रम करून बघा. पहिल्याला कुतूहलाने बरेच येतील, तो आकडा धरू नका. दुसऱ्याला किती जण परत आले ते मोजा. सहा-सात जरी आले तरी सह्या गोळा करायला लागा. दोघंच आले तर त्या दोघांना घेऊन सगळ्यात जवळच्या चॅप्टरमध्ये ऑनलाइन नाव घाला, आणि तिथे इतिवृत्त कोण लिहितं ते विचारा.