आग्रहाचे बोलावणे

आमच्या एचआर विभागाने ऑफिसात परत बोलावण्यासाठी पहिली मेल धाडली, तेव्हा तिचा सूर थेट लग्नपत्रिकेचा होता. सर्वांनी अगत्य यावे, असा एकंदर भाव होता आणि सोबत समोसे, फुगे आणि कॅरम बोर्डाचे छायाचित्र होते. कोणीही गेले नाही. दुसऱ्या मेलमधून समोसे गेले आणि ‘अपेक्षा’ आली, तिसरीत अपेक्षेच्या जागी ‘धोरण’ आले आणि चौथीत उपस्थितीचा संबंध वार्षिक पगारवाढीशी जोडला गेला, तेव्हा मात्र कोथरूड, बिबवेवाडी आणि सिंहगड रोडवरच्या अनेक कपाटांतून मार्च 2020 पासून घडी न मोडलेल्या पँटी बाहेर निघाल्या. त्यांतल्या बहुतेक कमरेला बसेनात. ऑफिसला जाण्यास झालेला पहिला आणि सर्वांत प्रामाणिक विरोध हा असा पोटातूनच आला होता.

त्यानंतरचे विरोध मुद्दाम रचलेले होते. ज्या आईवडिलांच्या गुडघ्यांची कोणी फारशी विचारपूस करत नव्हते, त्यांचे एक्स-रे अचानक मॅनेजरच्या इनबॉक्समध्ये जमू लागले. आमच्या टीममधला एक जण लॉकडाऊनमध्ये इस्लामपूरला गेला होता, तो तिथेच राहिला, त्याने घर बांधले आणि फायबरचा राउटर देवघराच्या भिंतीला ठोकला. मॅनेजरने त्याला पुण्याला कधी येणार असे विचारले, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “सर, वास्तुशांत झाली आहे.” यावर धोरणात उत्तर नव्हते.

माझ्या बाबतीत सर्वांत तीव्र विरोध सोसायटीने केला. घरून काम करण्याच्या काळात मी आमच्या विंगचा पार्सल स्वीकारणारा, सिलिंडरवाल्याला ओटीपी सांगणारा आणि प्लंबरवर लक्ष ठेवणारा मनुष्य म्हणून स्थिरावलो होतो. मी सोमवारपासून जाणार हे कळताच समोरच्या काकूंनी विचारले, “अरे, पण मग माझं दुपारचं पार्सल कोण घेणार? तुमच्या साहेबांना जरा नीट समजावून सांग ना.”

साहेबांना समजावणे सोपे नव्हते, कारण तेही वरून आलेलेच सांगत होते. 2025 पर्यंत जेमतेम पंचवीस टक्के कर्मचाऱ्यांनाच एका वेळी ऑफिसात यावे लागेल, असे टीसीएसने 2020 मध्ये जाहीर केले होते आणि त्याच कंपनीने ऑक्टोबर 2023 पासून सर्वांना आठवड्याचे पाचही दिवस बोलावले. ज्या झूमवर जगाने शाळा, मुंजी आणि दहाव्याचे विधीसुद्धा उरकले, त्या झूमनेही ऑगस्ट 2023 मध्ये ऑफिसजवळ राहणाऱ्या आपल्या माणसांना आठवड्यातून दोन दिवस प्रत्यक्ष येण्यास सांगितले. तिथे इस्लामपूरच्या राउटरची काय कथा!

कोथरूडहून आमच्या ऑफिसचा, म्हणजे हिंजवडी आयटी पार्कच्या फेज तीनचा रस्ता चांदणी चौकातून जातो. तिथला जुना पूल 2 ऑक्टोबर 2022 रोजी मध्यरात्रीनंतर सुमारे सहाशे किलो स्फोटके लावून उडवला, तेव्हाही तो एका दमात पडला नाही, आतल्या लोखंडाला धरून लोंबकळत राहिला आणि शेवटी यंत्रे लावून उतरवावा लागला. चिवटपणा म्हणजे काय हे आमच्या टीमने त्या पुलाकडून शिकण्यासारखे होते. पुढच्या ऑगस्टमध्ये नव्या पुलाचे उद्घाटन झाले, त्यामुळे आता आपण भूमकर चौकातल्या कोंडीत पूर्वीपेक्षा लवकर पोहोचतो. हिंजवडी ते शिवाजीनगर मेट्रोचे भूमिपूजन डिसेंबर 2018 मध्ये झाले होते. आम्हाला परत बोलावले, तेव्हा तिचे खांब उभे होते आणि त्यांच्या सावलीत गाडी थांबवून मेल वाचायला भरपूर वेळ मिळत असे.

एवढे करून पोहोचल्यावर जे घडते, त्याला आमच्याकडे ‘सहकार्य’ म्हणतात. माझी अर्धी टीम चेन्नईत, उरलेल्यांतली बरीच भुवनेश्वरात आणि क्लायंट न्यू जर्सीत असल्यामुळे मी हेडफोन लावून दिवसभर त्यांच्याशी बोलतो. शेजारच्या खुर्चीवरचा मनुष्यही त्याच मीटिंगमध्ये असला, तर त्याचा आवाज मला आधी डाव्या कानाने आणि क्षणभराने हेडफोनमधून, असा दोनदा ऐकू येतो. क्लायंटची सकाळ आमच्या रात्री होते, म्हणून तो साडेआठचा कॉल पुन्हा घरूनच घ्यावा लागतो आणि त्याला मात्र कोणाचीही हरकत नसते.

काही हुशार मंडळी दारात कार्ड टेकवून, यंत्रातली कॉफी पिऊन गाडी वळवत असत. हे ध्यानात आल्यावर कंपनीने बाहेर जातानाचे स्वाइपही मोजायला घेतले. मग तीच मंडळी कॉफी सावकाश पिऊ लागली.

हळूहळू विरोध थकला आणि सगळे खरोखरच आले, तेव्हा खुर्च्या कमी पडल्या. महामारीच्या काळात भाडे वाचवण्यासाठी कंपनीने दोन मजले सोडून दिले होते, ही गोष्ट चारही मेलमध्ये कोणी लिहिली नव्हती. त्यावर तोडगा म्हणून एक अ‍ॅप आले. दुसऱ्या दिवसाची जागा मध्यरात्री बारा वाजता त्यावर आरक्षित करावी लागते आणि रेल्वेच्या तात्काळ तिकिटांचा ज्यांना सराव आहे, ते एसीच्या झोताखाली न येणाऱ्या खुर्च्या मिनिटभरात पटकावतात. ऑफिसला न जाण्यासाठी झगडणारे आम्ही आता ऑफिसला जाता यावे म्हणून जागरण करतो.

मला एकदा जागा मिळाली नाही, म्हणून मी घरून काम केले. प्रणालीने गैरहजेरी मांडली. ती दुरुस्त करण्याचा अर्ज उपलब्ध आहे, असे एचआरने तत्परतेने कळवले, मात्र सुरक्षिततेच्या कारणास्तव तो अर्ज ऑफिसातल्या नेटवर्कवरच उघडतो.