खुलासा : ‘आता शंभर वर्षं पूर नाही’ हे खरं नाही

ऑगस्ट २०२४ च्या पुराबद्दल वडोदऱ्यातल्या आपल्या मराठी गटांमध्ये एक मेसेज फिरतोय : ‘हा शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर होता, तो येऊन गेला. आता नदीकाठी घर घ्यायला हरकत नाही.’ कृपया यावर विसंबून व्यवहार करू नका.

शंभर वर्षांचा पूर म्हणजे कुठल्याही एका वर्षी येण्याची शक्यता १ टक्का असलेला पूर. एका वर्षी आला म्हणून पुढच्या वर्षीची शक्यता कमी होत नाही. तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात तो निदान एकदा येण्याची शक्यता जवळपास २६ टक्के, म्हणजे चारात एक. आणि मोठे पूर एकमेकांपासून अंतर राखून येत नाहीत : ३१ जुलै २०१९ ला शहरात एका दिवसात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस पडून पूर आला होता. त्यानंतर पाचच वर्षांनी २०२४ उजाडलं.

नकाशावरच्या पूररेषेवरही, म्हणजे पुराचं पाणी कुठवर येऊ शकतं ते दाखवणाऱ्या रेषेवरही, डोळे झाकून विसंबू नका. नदीपात्राचे छेद, जमिनीचे चढउतार आणि पावसाच्या नोंदी यांवरून ती काढतात. काठावर भराव पडला, ओढा बुजवला की जुनी रेषा चुकीची ठरते. शिवाय शहरातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीला पावागढ डोंगराकडचं पाणी येतं, आजवा सरोवरातून सोडलेलंही येतं, त्यामुळे शहरात उघडीप असतानाही पातळी चढू शकते.

समा, अकोटा, कारेलीबागेकडे घर बघत असाल तर शेजाऱ्यांना विचारा, २०१९ ला आणि २०२४ ला पाणी भिंतीवर कुठवर आलं होतं. जोत्याची उंची त्याच्याशी ताडून पाहा.