रिफॉर्म सेलला पोस्टिंग मिळालंय? मग हे वाचा

पहिलं म्हणजे अभिनंदन. नियामक सुधारणा कक्ष, म्हणजे सरकारी नियम-परवानग्या सुटसुटीत करायचा विभाग, ही साइड पोस्टिंग असं आत्तापर्यंत चार जणांनी तुम्हाला ऐकवलं असेल, महसूल नाही, गृह नाही, नगरविकास तर नाहीच नाही. पण मनाला लावून घेऊ नका. या कामात एक मोठं सुख आहे, ते झालं की नाही हे कुणालाच नक्की सांगता येत नाही. रस्ता झाला नाही तर खड्डा दिसतो. नियम सुटसुटीत झाला नाही तर काय दिसतं? फार तर एखादा माणूस खिडकीवरून परत जाताना दिसतो, आणि तो तसाही रोज जातोय.

रुजू झाल्या झाल्या एखादा जुना कक्ष अधिकारी केबिनमध्ये येईल आणि म्हणेल, साहेब, आधी आपल्याकडे परवानग्या किती आहेत ते तरी मोजू. त्याला बसवा, चहा द्या आणि विषय बदला. मोजणं फार धोक्याचं. व्हिएतनामनं २००७ साली हा उद्योग केला, 'प्रोजेक्ट ३०' नावानं. मंत्रालयापासून पार गावपातळीपर्यंत लोकांना आणि धंदेवाल्यांना कुठल्या कुठल्या सोपस्कारांतून जावं लागतं ते सगळं खणून काढलं, पाच हजारांच्या वर निघाले, ते एका जागी सगळ्यांना बघायला ठेवले आणि वर खात्यांनाच विचारलं की हे कुठल्या कायद्यात आहे, आणि ते लागतं का. आता हाच प्रश्न आपल्याकडे विचारून बघा. आपल्याकडचं खरं उत्तर 'आधीच्या साहेबांच्या वेळेपासून लागतं' हे आहे, आणि ते फॉर्मच्या कुठल्या रकान्यात लिहिणार?

म्हणून किती आहेत ते मोजायचं नाही, किती कमी केले तेवढंच मोजायचं. २०२३ च्या केंद्रीय बजेटच्या भाषणात होतं बघा, ३९,००० हून जास्त कम्प्लायन्स, म्हणजे पाळायचे सोपस्कार, कमी केले. टाळ्या. एकूण किती होते हे कुणी विचारलं का? शाळेत अपूर्णांक शिकवले होते ते इथे उपयोगी पडतात, अंश मोठ्यानं सांगायचा आणि छेद खिशात ठेवायचा.

मग रँकिंग. हा विषय नीट समजून घ्या, करिअर इथेच होतं. कुठल्या देशात धंदा करणं किती सोपं आहे याची जागतिक बँकेची 'डुइंग बिझनेस' नावाची यादी असायची, त्यात २०१४ साली आपण १४२ वे होतो आणि २०१९ च्या ऑक्टोबरात आलेल्या यादीत ६३ वे. कमाल आहे की नाही? आणि गंमत म्हणजे मोजमाप होत होतं फक्त मुंबई आणि दिल्लीचं, म्हणजे हिंगोलीत किंवा गडचिरोलीत कुणाला राइस मिल टाकायला किती चकरा माराव्या लागतात याचा देशाच्या रँकशी काही संबंधच नव्हता. (हिंगोलीकरांनो रागावू नका, तुमचाही अभिमान वाढलाच ना.) बांधकाम परवानगीत तर आपण दोन वर्षांत १८१ वरून २७ वर आलो. कसं जमलं? मुंबई-दिल्लीच्या महापालिकांमध्ये ऑनलाइन सिस्टीम बसवली, टेबलं कमी केली, एनओसी एकत्र केल्या. काम खरंच झालं हो, त्यात खोट काढत नाही मी. पण त्याच यादीत 'करार पाळायला लावणं' नावाचा एक रकाना होता, तिथे आपण १६३ वे. समोरच्यानं पैसे बुडवले तर कोर्टातून निकाल मिळवून वसूल करायला १,४४५ दिवस, म्हणजे जवळजवळ चार वर्षं. इथे का नाही उडी मारली? कारण पोर्टल सहा महिन्यांत बनवता येतं, न्यायाधीश बनवता येत नाही. विधी आयोगानं १९८७ साली सांगितलं होतं की दहा लाख लोकांमागे ५० न्यायाधीश हवेत, आज मंजूर पदं धरूनही आपण एकविसाच्या आसपास आहोत. तर धडा घ्या, ज्या रकान्याला माणसं लागतात त्याच्या वाटेला जायचं नाही, ज्याला सॉफ्टवेअर पुरतं तोच धरायचा.

पुढे २०२१ मध्ये बँकेनं ती यादीच बंद केली, आकड्यांत गडबडी निघाल्या म्हणून. गडबडी चीन, सौदी, अमिराती, अझरबैजान यांच्या आकड्यांत होत्या, आपलं नाव नव्हतं, त्यामुळे निवांत राहा. यादी बंद पडली तरी रँक कुणी परत मागत नाही, ब्रोशरवर ६३ छापत राहायचं.

पैशाची चिंता नको. जिल्ह्यांची क्षमता वाढवायची म्हणून याच बँकेनं २०२४ च्या शेवटी महाराष्ट्रासाठी १८.८ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलंय. म्हणजे क्षमता कमी आहे हे आता डॉलरमध्ये सुद्धा सिद्ध झालं. असा निधी तुमच्याकडे आला की पहिल्यांदा एक प्रोजेक्ट मॅनेजमेंट युनिट उघडा, सल्लागार कंपनीची सव्वीस-सत्तावीस वर्षांची हुशार पोरं येतील, लॅपटॉप त्यांचा, पीपीटी त्यांची, नियम तुमचा. तीन वर्षांत ती पोरं तुमचे सगळे नियम शिकतील, आणि मग कंत्राट संपलं की निघून जातील. क्षमता बांधली गेली, फक्त ती दुसरीकडे कामाला लागली.

तुमच्या स्वतःच्या लोकांसाठी ट्रेनिंग आहेच. मिशन कर्मयोगी ही केंद्राची योजना २०२० मध्ये आली, तिच्या आयगॉट या ऑनलाइन पोर्टलवर ढीगभर कोर्स आहेत, २०२४ च्या ऑक्टोबरात तर एक अख्खा शिकण्याचा आठवडा पाळला, प्रत्येकानं किमान चार तास शिकायचं. सूचना एवढीच की व्हिडिओ म्यूट करून चालू ठेवायचा आणि शेजारच्या स्क्रीनवर नस्ती, म्हणजे फाइल, उरकायची. सर्टिफिकेट दोन्हीकडे सारखंच येतं.

आता मुख्य मुद्दा, नियम रद्द कसा करायचा. रद्द करणं सोपं आहे हो, एक अधिसूचना काढली की झालं. कला आहे ती रद्द करूनही चालू ठेवण्यात. आणि यात आपला महाराष्ट्र नंबर एक आहे, कुठल्याही यादीशिवाय. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, यासाठीच्या अर्जासोबत जे प्रतिज्ञापत्र लागतं त्यावरचं मुद्रांक शुल्क राज्यानं १ जुलै २००४ ला माफ केलं. माफ म्हणजे माफ, साध्या कागदावर चालतं. मग पुढची वीस वर्षं दर जूनला, दहावी-बारावीचा निकाल लागला की तहसीलच्या आवारात स्टॅम्प व्हेंडरसमोर जी रांग लागायची, पोरगं, त्याचा बाप, हातात झेरॉक्सची पिशवी, शंभराचा स्टॅम्प द्या म्हणून, ती कशाची रांग होती? जे शुल्क लागतच नव्हतं ते भरायची रांग होती. पुढे तर बहार आली. २०२४ च्या ऑक्टोबरात शंभराचा स्टॅम्प गेला आणि किमान पाचशेचा आला, म्हणजे जे वीस वर्षांपूर्वी शून्य झालं होतं ते शंभराचं पाचशे झालं. ओरड झाली. मग सरकारनं जाहीर केलं की विद्यार्थ्यांच्या प्रतिज्ञापत्रांना शुल्क माफ, आणि पेपरात 'मोठा दिलासा'. नीट लक्षात घ्या, एकच माफी दोनदा देता येते आणि दोन्ही वेळा दिलासा नवा कोरा असतो.

तुम्ही म्हणाल खिडकीवरच्या क्लार्कला कळत कसं नाही. अहो कळतं, पण त्याच्या जागी बसून बघा. जास्तीचा कागद मागितला म्हणून आजवर कुणाची वेतनवाढ थांबलीय का? एकाचीही नाही. आणि एक कागद कमी घेतला, पुढे दाखला खोटा निघाला, की पहिली चौकशी त्याची, ऑडिटचा पॅरा त्याच्या नावावर, पेन्शन अडकणार त्याची. त्याला तुमच्या रिफॉर्मनं काय दिलं? एक पीडीएफ, ती पण तिरकी स्कॅन केलेली. म्हणून तो म्हणतो, असू द्या, आणा स्टॅम्प, तुमचंच काम पक्कं होईल. यावर उपाय म्हणजे त्याला लेखी संरक्षण देणं, यादीतलेच कागद घेतलेस तर तुझ्यावर काही येणार नाही असं साहेबाच्या सहीनं सांगणं, पण तसं केलंत तर सही तुमची असेल. तेव्हा नकोच.

सेवा हक्क कायदा आहे की, असं कुणी म्हणालं तर माना डोलवा. २०१५ चा कायदा, चांगलाय, वेळेत सेवा दिली नाही तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड. फक्त घड्याळ कधी सुरू होतं ते बघा, अर्ज सगळ्या कागदांसह पूर्ण झाला की. मग मुदत समजा पंधरा दिवसांची असेल तर चौदाव्या दिवशी अर्ज त्रुटीत काढायचा, म्हणजे कागद अपुरे म्हणून परत करायचा. त्रुटी पूर्ण करून आणला की घड्याळ परत शून्यावर. अशा रीतीनं शंभर टक्के अर्ज मुदतीत निकाली निघतात आणि डॅशबोर्ड हिरवागार राहतो. उशीर केल्याला दंड आहे, उगाच मागितलेल्या कागदाला नाही, हे ज्यानं ओळखलं तो तरला.

लोकांचं मत घ्यावं लागतं, त्याचीही पद्धत आहे. २०१४ पासून केंद्राचं धोरणच आहे की कायद्याचा मसुदा किमान तीस दिवस लोकांसमोर ठेवायचा, सोप्या भाषेत समजावून. धोरण आहे, कायदा नाही, फरक कळला ना? आणि मसुदा कधी ठेवायचा ते २०२० च्या पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या मसुद्यावरून शिका, देश लॉकडाऊनमध्ये असताना. भाषा इंग्रजी आणि हिंदी. ज्या गावाच्या वेशीवर खाण येणार ते गाव कोकणातलं असो नाहीतर बस्तरचं. दिल्ली हायकोर्टानं सांगितलं की २२ भाषांत भाषांतर करा आणि मुदत वाढवा, तर सरकार त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेलं. एवढं करूनही लाखो हरकती आल्याच. लोक ऐकतच नाहीत, हरकती मागवल्या की खरंच पाठवतात! आता त्या वाचायला माणसं कुठून आणायची, हे मसुदा काढताना ठरवायचं असतं असं कुणी सुचवलं तर त्याची बदली सुचवा.

शिक्षा कमी करणं हा सध्या चालणारा विषय आहे, तो हातात घ्या. २०२३ च्या जनविश्वास कायद्यानं ४२ कायद्यांतल्या १८३ तरतुदींमधली तुरुंगवास वगैरे भानगड काढली किंवा सौम्य केली, बऱ्याच ठिकाणी त्याऐवजी दंड आला आणि तो ठरवणार खात्याचाच अधिकारी. चूक शोधणारा, सुनावणी घेणारा आणि आकडा ठरवणारा एकाच मजल्यावर, नागरिकाचा जिना चढायचा त्रास वाचतो. कामगार कायद्यांचंही झालंच, २९ चे ४ केले, इन्स्पेक्टर आता 'इन्स्पेक्टर-कम-फॅसिलिटेटर' आहे. ज्या कारखान्यात १९४८ च्या कायद्यानं पिंकदाण्या किती ठेवल्या ते बघायला जायचं आणि भिंतीला चौदा महिन्यांतून एकदा चुना मारला का ते तपासायचं, तिथे आता तोच माणूस सुविधा द्यायला जाईल. जाईल म्हणजे, असला तर.

हां, ते राहिलंच. माणसं. राज्याच्या नोकरीतली दोन लाखांहून जास्त पदं रिकामी आहेत, देशातल्या राज्य प्रदूषण मंडळांत तर मंजूर पदांपैकी जवळजवळ निम्म्या खुर्च्या खाली. काही आगाऊ लोक म्हणतील, मग आहेत तेवढी माणसं धोक्याच्या ठिकाणी तरी लावा, २०१६ मध्ये केंद्रीय प्रदूषण मंडळानं ३६ प्रकारचे उद्योग पांढऱ्या, म्हणजे जवळजवळ प्रदूषण न करणाऱ्यांच्या, यादीत टाकून परवानगी नको, नुसतं कळवलं तरी पुरे असं केलं होतं तसं आणखी करा, म्हणजे इन्स्पेक्टर सायकल जुळवणाऱ्याकडे न जाता केमिकल प्लांटला जाईल. शहाणपणाची सूचना आहे, म्हणूनच टाळा. रिकामी खुर्ची ही सुधारणेची सगळ्यात मोठी मित्र, ती विरोध करत नाही, प्रश्न विचारत नाही आणि तिचा अतिरिक्त कार्यभार आधीच तीन टेबलं सांभाळणाऱ्या माणसाला देता येतो.

शेवटचं. प्रत्येक ऑफिसात एक अव्वल कारकून असतो, ज्याच्या कपाटात १९८० पासूनचे सगळे जीआर, शुद्धिपत्रकं, कोर्टाचे निकाल तारखेनं लावलेले असतात, कुठला नियम कशामुळे आला, कुठल्या घोटाळ्यानंतर कुठला कागद चिकटला, त्यातला कुठला आता काढला तरी काही बिघडणार नाही हे त्याला तोंडपाठ असतं, आणि स्टॅम्पशिवाय आलेल्या पोराचा अर्ज तो गुपचूप घेतो सुद्धा. त्याला तुमच्या समितीवर घेऊ नका, बैठकीला बोलावू नका, त्याच्याकडून काही लिहून घेऊ नका, नाहीतर सल्लागार मंडळी नाराज होतात. तसाही तो या ३१ मे ला रिटायर होतोय आणि ते पद भरायचं नाही असं वित्त विभागाचं ठरलंय. शाल-श्रीफळ द्या, ग्रुप फोटो काढा आणि तो फोटो वार्षिक अहवालात 'क्षमता बांधणी' या प्रकरणात पहिल्या पानावर टाका.